पेणच्या पांढऱ्या फरशा आणि ओवीच्या रक्तातलं शिसं

ओवीच्या रक्तात शिसं निघालं, असा धाकट्या बहिणीचा, सुनीचा फोन आला आणि मी त्याच संध्याकाळी बॅग भरली. भाची माझी पाच वर्षांची. पोट दुखतं, जेवत नाही म्हणून तपासलं, तर हे! सुनीचं घर रोह्याला, नदीपलीकडे अष्टमीत, आणि धाटावचे कारखाने तिथून जवळच. माझा संशय सरळ धुराड्यांवर गेला. तसा तो कुणावरही जातो म्हणा, पण या वेळी खात्रीच होती.

पुण्याहून खोपोलीमार्गे पेण. टोल सोडला तर रस्त्याची तक्रार नाही. ध्रुवावरच्या बर्फात दूरदूरच्या कारखान्यांतलं, गाड्यांच्या धुरातलं शिसं सापडतं, असं वाचलं होतं. तिथे प्रयोगशाळा लागते, पण पांढऱ्यावर पडलेलं लपत नाही, एवढंच माझ्या डोक्यात बसलं. आता रोह्यात बर्फ कुठून आणू? म्हणून पेणला गणपतीच्या कारखान्यात शिरले आणि प्लास्टरच्या वीतभर फरशा ओतून मागितल्या.

"कशाला पायजेत?" मालकांनी विचारलं.

"हवेतून काय पडतं ते बघायचंय."

"आमाला रोजच दिसतं की! गणपती वाळत घातले की धूळ बसते. दुसरं काय हाय?" ते हसले, पण फरशा छान गुळगुळीत करून दिल्या.

पेणला गेलात तर पोह्याचे पापड घ्याच, फक्त पाकिटावरची तारीख बघून. मी दोनदा बघते. वडखळनंतर हायवेचं काम नेहमीप्रमाणे 'चालू' आहे, तेव्हा कंबर सांभाळा. नागोठण्याहून भिसे खिंडीचा रस्ता मात्र सुरेख, गर्द झाडीचा. मी तो काचा बंद करून पाहिला.

सुनीच्या घरी पोचले ती झडती घ्यायलाच. हळद, खेळणी, ज्यात ज्यात शिसं असू शकतं ते सगळं हुंगून, उलटंपालटं करून झालं, काजळाची डबी तेवढी सापडेना.

"ताई, पुरे गो!" सुनी वैतागली. "डॉक्टरांनी पण हेच विचारलं. काजळ मी कधीच फेकून दिलंय."

मग तोंडाला रुमाल बांधून फरशा मांडल्या, कारण बर्फ गोळा करणारेसुद्धा म्हणे स्वतःच्या अंगावरची धूळ त्यात पडू नये म्हणून अंगभर प्लास्टिक घालतात. एक गच्चीवर, एक खिडकीत, एक अंगणात. चौथी उरली, ती दारामागे चपलांच्या रॅकवर टाकली.

सुनीचे यजमान दिनेशराव धाटावला रंगाच्या कंपनीत, पिवळी पूड पोत्यांत भरायच्या कामावर. शिफ्ट सुटून आले की ओवी धावत जाऊन त्यांच्या पोटाला मिठी मारायची, शर्टात नाक घासायची. मग तो शर्ट दारामागच्या खुंटीवर. मी त्यांच्याशी तुटकच बोलत होते. कंपनीची बाजू घेणार, दुसरं काय!

"तुमची कंपनी हवेत काय सोडते हो?" एकदा विचारलंच.

"ताई, मला ठाव असतं तर पोरीला इथं ठेवली असती का?"

मधल्या दिवसांत कुंडलिकेच्या पुलावर भटकले, बाजारात सुरमईची थाळी खाल्ली (ताजी होती, मी कल्ले बघायला मागितले). निघायच्या सकाळी फरशा गोळा केल्या. गच्चीवरची करडी, खिडकीतली करडी, अंगणातली कोंबडीने तुडवलेली. मग दारामागची उचलली. बरोबर खुंटीखाली पिवळी झाक होती. बोट फिरवलं, तर बोट पिवळं.

"झटकून येतो मी रोज," दिनेशराव म्हणाले. "गेटवरच झटकतो." शर्ट खुंटीवरून काढून ते अंगणात जाऊन बसले. मला फार वाईट वाटलं. डॉक्टरांनी फरशी पाहून सांगितलं, अशा पिवळ्या रंगात शिसं असू शकतं, कामाचे कपडे घरात आणूच नका, बहुतेक हेच कारण असणार. धुराड्यांना मी अजून सोडलेलं नाही, करडी धूळही तपासायला दिली आहे.

आता दिनेशराव कंपनीतच आंघोळ करतात, कपडे तिथेच ठेवतात. ओवीची पुढची तपासणी व्हायची आहे. माझ्याकडचे पापड संपत आले.

परवा सुनीशी व्हिडिओ कॉल चालू असताना दिनेशरावांच्या गाडीचा आवाज आला. ओवी धावली आणि उंबऱ्याशी थांबली. सगळ्यांनी इतकं बजावलंय तिला. बाहेर दिनेशराव ओल्या केसांनी, धुतलेल्या शर्टात उभे होते.

"ये गो," ते म्हणाले, "आंघोळ केली मी."

ओवी जागची हलली नाही. "हात दाखव."

त्यांनी दोन्ही हात पुढे केले आणि ती ते उलटेपालटे करून बघत राहिली, अगदी मी बघते तसे.