चानोच्या ट्यूबाचा आवाज

तेयोच्या कानाला अख्ख्या सिनालोआ प्रांतात तोड नव्हती, आणि त्याच्या हातालाही. डोळे मिटून तो कुणाचा ट्यूबा, म्हणजे अंगावर घेऊन फुंकायचा तो अवाढव्य पितळी कर्णा, कुठल्या मॉडेलचा ते सांगे. "हा तीन चाव्यांचा, खाली उतरला की धापा टाकतो. तो जर्मन, पोट भरलेल्या बैलासारखा डुरकतो." कुणी हसलं की थोबाडीत बसे. मी त्याच्याच बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचो, दोनदा खाल्ली आहे.

तेयोचा धाकटा भाऊ चानोही त्याच्यासारखाच ट्यूबावाला. घोड्याच्या लाथेनं त्याच्या अमेरिकन ट्यूबाचं वरचं पसरट तोंड चेपलं, तेव्हा तेयोनं एका जुन्या जर्मन ट्यूबाचं तोंड त्याला डाख देऊन जोडून दिलं. वर खणखणीत, खाली घोगरा, असा आवाज दुसऱ्या कशालाच नव्हता.

चानोला हमरस्त्यावर कुणीतरी गोळ्या घातल्या. त्याची बायको ओब्दुलिया म्हणाली, ट्यूबा मारेकऱ्यांनी नेला. नाहीतर रिवाजाप्रमाणे तो भावाकडे आला असता. तेव्हापासून तेयो प्रत्येक जत्रेत कान टवकारून फिरायचा. ट्यूबा सापडला की मारेकरी सापडला, असं त्याचं म्हणणं. आम्हालाही ते पटलं होतं.

सान हावियरच्या जत्रेत तीन बँड एकाच मैदानात, एकाच वेळी, तीन वेगळी गाणी बडवत होते. आमच्याकडे असंच असतं. तेयो मध्येच थांबला. "चानोचा!" एवढंच ओरडला आणि धावला. पलीकडच्या बँडमधल्या नाबोरच्या ओठांना ट्यूबा लागलेलाच होता. तेयोनं त्यावर बुक्की घातली. मुखनळी दात फोडून आत गेली. नाबोर पडला तरी हा लाथा घालतच राहिला. मीही "मार, मार!" करत होतो, खोटं कशाला बोलू?

"अरे कसाया," नाबोर रक्त थुंकत म्हणाला, "ओब्दुलियानं विकला मला! जा, विचार तिला!"

आम्ही तडक तिच्या घरी गेलो. ती अंगणात मक्याच्या पोळ्या भाजत होती.

"ट्यूबा तू विकलास?"

"विकला. पोरांना काय दगड खायला घालू?"

"मग मारेकऱ्यांनी नेला का म्हणालीस?"

"खरं सांगितलं असतं तर फोडून काढलं असतंत मला. चानो काढायचा तसं." ती उठून उभी राहिली. "भिंतीला भिंत लागून राहत होतो, भावोजी. माझं ओरडणं रोज ऐकलंत. एकदा तरी आलात?"

तेयोनं हात उगारला. त्यावर नाबोरचं रक्त अजून ओलं होतं. ती मागे सरली नाही. मी दोन पावलांवर होतो. त्याचा हात खाली येईपर्यंत मी तिथंच उभा राहिलो, याची मला अजून लाज वाटते.