येसूर करपला तेव्हा

"परत आलेत," डॉक्टर म्हणाले. सावेडीतल्या दवाखान्यात माझ्या नाकात दुर्बीण होती आणि समोरच्या पडद्यावर सोललेल्या द्राक्षांसारखे गोळे. नेझल पॉलिप्स, म्हणजे नाकाच्या सुजलेल्या अस्तराला लोंबणारे मऊ कोंब. ऑपरेशन करून काढले होते, तेच. माझ्या नाकाच्या शेंड्यावर राग असतो असं घरचे म्हणतात. त्या दिवशी तो नाकावरच होता.

पहिल्यांदा हे सुरू झालं तेव्हा कर्जतला आमच्याकडे ज्वारीची मळणी चालू होती. नाक चोंदलं, कपाळ जड झालं, वास जाऊ लागला. धुरळ्याची सर्दी म्हणून मी वाफ घेत राहिले. शेवटी सीटी स्कॅन, मग ऑपरेशन. वास परत आला आणि सुटले बाई एकदाची, असं मला वाटलं.

मग माझ्या लेकीचं, सोनालीचं लग्न ठरलं. आमच्या भावकीत लग्नाच्या आमटीचा मसाला, येसूर, मीच भाजते. धान्य, डाळ, खोबरं, सगळं नाकाच्या भरवशावर. खमंग वास सुटला की कढई खाली. या वेळी मी वासाची वाट बघत राहिले. तो आलाच नाही. भोवती बसलेल्या बायकांनी चकार शब्द काढला नाही. दळून आल्यावर चिमूटभर जिभेवर टाकला, तर कडूजहर.

"अगं मंदा, सांगायचं की!" मी धाकट्या जावेवर ओरडले.

"आक्का, करपल्याचा वास येत हुता. पन तुमी भाजताय म्हनल्यावर आमाला वाटलं, आसंच आसंल."

म्हणून पुन्हा सावेडी. डॉक्टरांनी समजावलं, की हे नुसतं जंतूंचं काम नाही. शरीराची राखण करणारी इम्युनिटीच बिथरली आहे. इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी गरज नसताना नाकात गोळा होतात आणि सूज उतरू देत नाहीत. मला ते माझ्या परीनं कळलं. पाखरं उडून गेली तरी राखणदाराची गोफण थांबत नाही, आणि दगड आपल्याच कणसांना लागतात. ऑपरेशननं कोंब जातात, राखणदाराची खोड जात नाही.

"लग्नापर्यंत वास येईल का?"

"स्टिरॉइडच्या गोळ्या थोडे दिवस देतो. कायम नाही देता येत. येईलच असं मी सांगू शकत नाही, ताई."

एका सकाळी चहातल्या आल्याचा वास आला. मी कप धरून नुसती बसून राहिले. गोळ्या संपल्या आणि तोही गेला. आता रोज मिठाच्या पाण्यानं नाक धुते, स्प्रे मारते आणि वाट बघते. दुसरं हातात काही नाही. स्वतःच्याच शरीरापुढे हात टेकावे लागतात, हे फार लागतं मनाला.

तुमच्या घरात कुणाची सर्दी हटत नसेल, वास येत नसेल, तर वेळेवर नाक दाखवा. आणि त्या माणसाच्या हातून काही करपत असेल तर मानापानाचा विचार न करता तोंडावर सांगा.

दुसरा येसूर मंदानं भाजला. पाठवणीच्या वेळी सोनाली गळ्यात पडली. लहानपणी तिला न्हाऊ घातल्यावर हुंगायचे तसं मी तिच्या केसांत नाक खुपसलं. काही नाही. मी पुन्हा पुन्हा श्वास ओढत राहिले.

मंदा शेजारीच होती. तिनं माझ्या पाठीवर हात ठेवला आणि कानाशी म्हणाली, "आक्का, हळदीचा वास येतोय. आन मोगऱ्याचा. लई ग्वाड."