वाचनतास, मुक्काम हार्लेम

मुंबईच्या विमानतळावर माझी बॅग तीन किलोंनी जास्त भरली. काउंटरवरच्या मुलीने मास्कआडून सांगितलं, "मॅडम, काहीतरी काढावं लागेल." मी चकल्यांचा डबा काढला, मेतकूट काढलं, भावजयीसाठी घेतलेली पितळी समईसुद्धा सोडायला आलेल्या भाच्याच्या हातात दिली. पुस्तकं मात्र काढली नाहीत. अकरा होती. सगळी बारा-तेरा वर्षांच्या मुलांची, सगळी माझ्या पारखीची. सांगलीच्या शाळेत सव्वीस वर्षं मराठी शिकवलं आणि त्यातली वीस वर्षं सातवीचा वाचनतास सांभाळला. कुठल्या वयाला कुठलं पुस्तक द्यायचं, हे मला कुणी शिकवू नये, असं तेव्हा माझं ठाम मत होतं.

करोनाचं दुसरं वर्ष होतं. आमच्या सातवीचे वर्ग अजून मोबाइलवरच चालले होते. मुलं 'प्रेझेंट' म्हणायची आणि पडद्यावर छताचा पंखा दाखवून पसार व्हायची. त्यातच मंदारचा फोन आला. मंदार माझा धाकटा भाऊ, हार्लेमला राहतो, अॅमस्टरडॅमला एका आयटी कंपनीत आहे. त्याची मुलगी इरा नुकतीच ब्रुखक्लासमध्ये गेली होती. (शब्दशः पुलावरचा वर्ग. प्राथमिक शाळा संपल्यावरचं पहिलं वर्ष. मूल पुढे कुठल्या शाखेत जाणार, ते या पुलावर ठरतं.) शाळेचं पत्र आलं होतं. इराचं डच वाचन मागे पडलंय, वाचलेलं समजत नाही. लॉकडाऊनमध्ये ती घरात कोंडली गेली, कानावर फक्त मराठी आणि इंग्रजी. वर्षभरात सुधारणा झाली नाही तर विद्यापीठाकडे जाणारी वरची शाखा मिळणं अवघड.

"ताई, तू इतक्या मुलांना वाचायला लावलंस," मंदार म्हणाला. "हिला लाव ना."

माझी अर्जित रजा साठलेली होतीच. ती दिवाळीच्या सुट्टीला जोडली आणि निघाले. वाचायची गोडी मराठीत लागली की डच आपोआप येईल, असा माझा हिशेब.

हार्लेममध्ये पहिले पाच दिवस मी माडीवरच्या खोलीत काढले. मंदारचीच खबरदारी. जिना उभा, अरुंद, जवळजवळ शिडीच. शिल्पा, म्हणजे भावजय, ताट दाराशी ठेवून "ताई, गरम आहे!" म्हणून खाली पळायची. खिडकीतून विटांचा रस्ता दिसायचा, कालव्याचा तुकडा दिसायचा, आणि पावसात छत्रीशिवाय सायकल हाणत जाणारी माणसं. लहान मुलं, आजोबा, पुढच्या पेटीत दोन पोरं बसवलेली बाई. ओलं होण्याबद्दल कुणाची काहीच तक्रार नव्हती. मला त्यांचाही राग आला.

सहाव्या दिवशी वाचनतास सुरू केला. संध्याकाळी पाच ते सहा. इरा आली, सोफ्यावर आडवी झाली. उंच, दातांना तारा, कानाशी सतत हात. मराठी सगळं समजायचं, पण उत्तर इंग्रजीत.

"ताठ बस," मी म्हटलं. पुस्तक तिच्या हातात दिलं.

"आत्या, आय कान्ट रीड धिस."

"प्रयत्न कर."

"नो, आय मीन, मला हे लेटर्सच येत नाहीत."

अकरा पुस्तकं मी समुद्र ओलांडून आणली होती आणि मुलीला देवनागरी येते का, हे विचारायचं माझ्याही डोक्यात आलं नव्हतं आणि सांगायचं मंदारच्याही. मी त्याच्याकडे बघितलं. तो लॅपटॉपकडे बघत होता. त्या घरात आईबापांपैकी कुणी पुस्तक उघडलेलं मी तोवर पाहिलं नव्हतं. तसं बोलूनही दाखवलं.

"ताई, मी दिवसभर वाचतच असतो," तो म्हणाला. "ईमेल्स."

मग मी वाचून दाखवायचं ठरवलं. दर पानाला थांबून प्रश्न विचारत होते. कोण म्हणालं, का म्हणालं, यातून काय शिकलो. चौथ्या दिवशी इरा वाचनतासाला वीस मिनिटं बाथरूममध्ये बसली.

शाळेनेही घरी रोज वीस मिनिटं डच वाचायला सांगितलं होतं आणि त्याची नोंद ठेवायला एक तक्ता दिला होता. तक्ता भरलेला होता, मंदारची सही रोजची होती. इराने शाळेतून आणलेल्या पुस्तकात मात्र खूण पहिल्या प्रकरणावरच होती. मंदारला विचारलं तर म्हणाला, "ती म्हणते वाचलं, मी सही करतो. माझी मीटिंग असते गं."

शनिवारी तिला बिब्लिओटेकमध्ये (सार्वजनिक ग्रंथालयात) नेलं. उजेड भरपूर, गाद्या, खुर्च्या, मुलांसाठी एक अख्खा मजला. मला आमच्या शाळेतलं लोखंडी कुलूपबंद कपाट आठवलं. ग्रंथपाल बाई उंच, पांढऱ्या केसांच्या. मी इंग्रजीत सविस्तर सांगितलं. मुलीचं वय, अडचण, कुठल्या पातळीचं पुस्तक हवं. त्यांनी मान हलवली आणि माझ्याशी न बोलता इराला डचमध्ये काहीतरी विचारलं. इरा पाच मिनिटं बोलत राहिली, हातवारे करून. दोघी हसल्या. पुस्तक काही दिलं नाही. आम्ही रिकाम्या हाताने बाहेर.

"काय विचारलं त्यांनी?"

"कुठलं बुक अर्धं सोडलं आणि का. मी सगळे सांगितले. देअर आर मेनी."

"आणि मग?"

"मग त्या म्हणाल्या, छान, पुन्हा ये."

अर्धी सोडलेली पुस्तकं ऐकून 'छान' म्हणणारी ग्रंथपाल!

शाळांना शरदातली आठवड्याची सुट्टी लागली तेव्हा मी हुकमाचा पत्ता काढला. माझी जुनी विद्यार्थिनी स्नेहल मास्ट्रिख्टला होती, देशाच्या अगदी दक्षिण टोकाला, तिथल्या विद्यापीठात पोटातल्या जंतूंवर संशोधन करत. सातवीत माझ्या वर्गात होती. तिची सारांशाची वही मी पुढच्या कितीतरी वर्गांना दाखवली. प्रत्येक पुस्तकाचं नाव, दहा ओळींत सारांश, शेवटी तात्पर्य. वाचनाने माणूस कुठे पोचतो, ते इराने डोळ्यांनी बघावं म्हणून मी तिला घेऊन निघाले.

अॅमस्टरडॅमला गाडी बदलून अडीच-तीन तासांचा प्रवास. सपाट हिरवी शेतं, पाण्याचे सरळ पाट, ओल्या गवतात बसलेल्या गाई. दक्षिणेला जमीन जराशी चढायला लागली तेव्हा इराने मोबाइलमधून मान वर केली आणि "लुक, अ हिल," म्हणाली. सांगलीकडच्या माणसाने त्याला टेकाडही म्हटलं नसतं.

स्नेहल स्टेशनवर न्यायला आली होती. मला वाकून नमस्कार केला तेव्हा येणारेजाणारे थबकले. नदीकाठच्या एका कॅफेत जायचं ठरलं, तर आत बसायला लसीचा क्यूआर कोड. माझं प्रमाणपत्र भारतातलं, त्यांच्या मशीनला ते वाचता येईना. इरा तेरा वर्षांच्या आतली म्हणून तिला आत परवानगी, मला बाहेर. शेवटी तिघी बाहेरच्या बाकावर भुरभुर पावसात बसलो. स्नेहलने फ्लाय मागवली (फळं भरून भाजलेली तिकडची गोड, जाड पोळी). जर्दाळूची होती, झकास होती.

"सांग हिला," मी म्हटलं. "वाचनतासाने तुला काय दिलं."

स्नेहलने काटा खाली ठेवला. "बाई, रागावणार नसाल तर खरं सांगते."

"बोल."

"तुमच्या तासाला मी एकही पुस्तक पुरं केलं नाही. पहिलं पान, शेवटचं पान आणि मधलं एक वाचायचे. उरलेलं पुढच्या बाकावरच्या मुलीला विचारायचे."

"आणि तात्पर्य?"

"ते तर काय, तुम्हाला कुठलं आवडतं ते सगळ्या वर्गाला पाठ होतं. कष्टाला फळ येतं, किंवा प्रामाणिकपणा. आलटून पालटून."

इरा खो-खो हसली. मी आल्यापासून पहिल्यांदा.

"मग तू वाचायला लागलीस कशी?" माझा आवाज मलाच परका वाटला.

"बाबांची भडंगाची गाडी होती ना. पुड्या बांधायला मी बसायचे. रद्दीतले कागद. कुठल्या मासिकाचं पान, कुठल्या कथेचा तुकडा. पुडी करायच्या आत वाचून टाकायचं. पुढचं पान कधीच मिळायचं नाही. म्हणून मग झोपेपर्यंत डोक्यात तेच." तिने फ्लायचा आणखी एक तुकडा माझ्याकडे सरकवला. "बाई, तुम्ही शिकवायचात छान हो. फक्त तो तास... पुस्तक उघडताना आधी वहीच दिसायची."

मी फ्लायचा तुकडा चावत राहिले. वीस वर्षं. दर वर्षी पन्नास-साठ मुलं. किती वह्या मी लाल पेनाने तपासल्या असतील आणि किती मुलांनी त्या वहीच्या भीतीने पुस्तक मिटलं असेल, याचा विचार त्या बाकावर नको वाटत होता. स्नेहलचा राग आला. मग स्वतःचा आला, तो जास्त वेळ टिकला.

स्टेशनकडे परतताना एका घराच्या कुंपणाला काचेचं छोटं कपाट दिसलं. "कुणीही ठेवावं, कुणीही न्यावं," स्नेहल म्हणाली. इराने त्यातून एक पुस्तक उचललं. मुखपृष्ठ फाटून गेलेलं, कडा फुगलेल्या. मी नाव विचारलं नाही. विषय काय, तेही नाही. मला बोलायचंच नव्हतं.

परतीची गाडी तासाभरात मोकळ्या शेतात थांबली. पुढे रुळांवर काही बिघाड, किती वेळ लागेल सांगता येत नाही, असं इराने घोषणा ऐकून सांगितलं. तिच्या मोबाइलची बॅटरी संपली होती. दहा मिनिटं तिने खिडकीवर बोटांनी ठेका धरला, मग ते फाटकं पुस्तक काढलं. थोड्या वेळाने फिसकन हसली.

"काय झालं?" माझ्या तोंडून गेलंच.

"आत्या, एक बाई आहे. फार्मवर. फ्लड येतो... पूर. सगळे म्हणतात बोटीत चल. ती म्हणते, नाही, माझा गाय आहे."

"माझी गाय," मी म्हटलं. "गाय ती असते."

इराने पुस्तक मिटलं.

मला स्वतःच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. शेतावर ऊन येऊन गेलं, पुन्हा ढग आले. गाडी हलली नाही. मी खरोखर त्या गाईचाच विचार करत होते. शेवटी म्हटलं, "बुडाली का गं गाय?"

इराने संशयाने पाहिलं. "इज धिस अ टेस्ट?"

"नाही. मला कळत नाहीये म्हणून विचारते."

तिने पुस्तक उघडलं. बाईने गाईला घराच्या जिन्यावरून माडीवर चढवलं होतं. मी मंदारच्या घरातला जिना डोळ्यांपुढे आणला आणि जोरात हसले. समोरच्या सीटवरच्या गृहस्थांनी खिडकीच्या काचेवरच्या अक्षरांकडे बोट दाखवलं. स्टिल्टे (शांतता). आम्ही शांतता पाळायच्या डब्यात बसलो होतो.

आम्ही उठून दाराजवळच्या मोकळ्या जागेत गेलो आणि तिथल्या पायऱ्यांवर बसलो. इरा वाचायची, अडायची, पुन्हा मागे जाऊन वाचायची आणि मराठीत सांगायची. एका शब्दापाशी ती फार वेळ थांबली. "मला वाटलं ती बाई घाबरली. पण नाही. ती... जेव्हा आपण रागावतो पण आपल्याला माहितीये आपलं चुकलंय?"

"ओशाळली," मी म्हटलं.

"ओशाळली," तिने जिभेवर घोळवून बघितलं. लिंगं चुकत होती, क्रियापदं लंगडत होती. मी ओठ दाबून बसले. गाडी सुटली तेव्हा गाय माडीवर होती, पाणी ओसरलं होतं आणि गाई जिना उतरत नाहीत, हे त्या बाईला नुकतंच कळलं होतं.

पुढे सगळं सुरळीत झालं असं मुळीच नाही. कधी वीस पानं व्हायची, कधी तीन दिवस काहीच नाही. एकदा मी न राहवून "या बाईबद्दल तुला काय वाटतं?" असं विचारलं आणि तो आठवडाच वाया गेला. पण तक्त्यावर खोटी सही करायला इराने स्वतःच मंदारला मनाई केली. गाय संपल्यावर ती सायकल काढून एकटी ग्रंथालयात गेली आणि त्या पांढऱ्या केसांच्या बाईंकडून दोन पुस्तकं घेऊन आली. एक तिने अर्धं सोडलं. मी काही बोलले नाही. फार जड गेलं.

नोव्हेंबर संपता संपता मी परतले. विमानात पुस्तकं नव्हती म्हणून बॅग हलकी होती. ती अकराच्या अकरा मंदारच्या कपाटात राहिली. देवनागरी शिकवायची असेल तर बापाने शिकवावी, असं त्याला बजावून आले. शिकवली का, ते मी विचारत नाही, म्हणजे फोनवर दर वेळी विचारते.

शाळेची दारं उघडली, पुन्हा मिटली, पुन्हा उघडली. पुढच्या जुलैत मंदारचा फोन आला. इराला वरची शाखा मिळाली नाही, मधली मिळाली. तो खचला होता. मलाही वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. इतकं करून शेवटी काय, असं त्याच्याइतकंच माझ्याही मनात आलं. मागून इराचा आवाज आला, "आत्या, मी बिझी आहे, नंतर बोलते," आणि शिल्पा हळूच म्हणाली, "वाचत बसलीय."

त्याच दिवशी सातवीचा वाचनतास होता. मी मुख्याध्यापकांना आदल्या आठवड्यात सांगितलं होतं की या वर्षी सारांशाची वही नाही. ते म्हणाले, "मग तपासणीला साहेब आले तर दाखवायचं काय?" मी म्हटलं, "मुलं दाखवू." ते अजून माझ्याशी धड बोलत नाहीत.

कपाट उघडून पुस्तकं बाकांवर पसरली आणि मी माझं पुस्तक घेऊन खुर्चीत बसले. दोघं कागदाचे बोळे फेकत होते. खिडकीकडे बघणारे बरेच. एकीने पुस्तक उलटं धरलं होतं. विचारायच्या पाच-सहा गोष्टी माझ्या जिभेवर आल्या आणि मी त्या गिळल्या.

मग तिसऱ्या बाकावरून एक मुलगी उठली. "बाई, हे नाही आवडलं. पुरं नाही केलं तर चालेल?"

अख्खा वर्ग माझ्याकडे बघायला लागला.

"चालेल," मी म्हटलं. "दुसरं घे."