वळून बघणारा देव

सुभाष रोडवरच्या फ्रेमवाल्याकडे आईचा फोटो मढवायला टाकला होता. तो आणायला गेलो, तेव्हा अळणावरकडचे एक म्हातारे तिथे देवाचे फोटो बघत होते. दुकानदाराने व्यंकटेश काढला, महादेव काढला, दत्त काढला. प्रत्येक फोटो ते हातभर लांब धरून बघत आणि काच धोतराच्या सोग्याने पुसून परत देत.

“अज्जा, कुठला देव पाहिजे ते तरी सांगा!” दुकानदार वैतागला.

“कुठलाबी चालंल. पण हे सगळे समोर बघत्यात. पाठमोरा, मान वळवून बघणारा हाय काय?”

“असा देव कुठं असतोय?”

म्हातारे माझ्याकडे वळले. “ल्हानपणी रानात जाताना आमचे वडील, अप्पा, पुढं चालायचे. मी मागं पडलो की थांबून वळून बघायचे. डोळे मिटले की देव मला तसाच दिसतोय.”

माझ्या हातातल्या फोटोत आईही सरळ समोर बघत होती. घरात ती अशी कधी बसलीच नव्हती.

म्हातारे रिकाम्या हाताने निघाले. पाय चांगले खणखणीत होते त्यांचे. तरी रस्त्याने ते मुद्दाम रेंगाळत चालले होते, पुढच्या गर्दीत कुणीतरी थांबून मागे वळेल म्हणून.