सासूबाईंचा डबा आणि लोहचुंबक

लोहचुंबकाने घरात सुतक आणता येते, हे मी स्वतः करून पाहिले आहे.

चांगल्या स्टीलला चुंबक चिकटत नाही, असे मी मोबाइलवर वाचले. (वाचून गप्प बसणारी माणसे सुखी असतात.) शैला, म्हणजे आमची सौ., त्या दिवशी आईच्या वर्षश्राद्धाच्या तयारीसाठी सिन्नरला भावाकडे गेली होती. तिला चकित करावे म्हणून मी फ्रिजवरचा चुंबक काढला आणि मांडणीवर चाल केली. ताटल्या चिकटल्या. वाट्या चिकटल्या. कोपऱ्यातला एक पोचे पडलेला डबा तर असा बिलगला, की चुंबक ओढून काढावा लागला! सगळे पोत्यात भरले, भांडी बाजारात मोडीत घातले आणि चकचकीत सेट आणला.

संध्याकाळी शैला आली. सेटकडे तिने पाहिलेही नाही.

"अहो, आईचा डबा कुठंय?"

"कुठला?"

"नाव घातलेला! दर खेपेला लाडू भरून आणायची तो. परवा श्राद्धाला त्यातच लाडू न्यायचेत."

"तो... हलका होता गं. चिकटत होता."

"कोणाला?"

"चुंबकाला."

ती रडली असती तर बरे झाले असते. ती ओट्याशी जाऊन नुसती उभी राहिली.

मी दुकानाकडे धावलो.

"साहेब, मोडीचा टेम्पो मघाशीच गेला की!" दुकानदार म्हणाला. मागे थोडा ढीग उरला होता. तो उपसला तेव्हा हाताला लागले फक्त झाकण. त्यावरची अक्षरे मी तेव्हा पहिल्यांदा वाचली : 'चि. शैला हिस आईकडून'.

"पण चिकटतं ते स्टील वाईटच ना?" मी केविलवाणे विचारले.

"कोण म्हणतं? तुम्ही नेलेल्या सेटच्या बुडालाही चिकटेल. नाहीतर इंडक्शनवर तापणार कसा?"

श्राद्धाचे लाडू नव्या पातेल्यात भरले, वर आईचे झाकण. ते काही बसेना. म्हणून एसटीत सिन्नरपर्यंत मी ते दोन्ही हातांनी दाबून बसलो. शैला खिडकीबाहेर बघत होती. वाटेत एकदाच बोलली.

"हलका माल ओळखतो ना तो चुंबक? एकदा स्वतःच्या कपाळाला लावून बघा."

घरी आल्यावर, कोणी बघत नाही असे पाहून, लावला. चिकटला नाही, पडला.

पण चुंबकावर आता माझाच विश्वास उरलेला नाही!