विमानाची चाकं

महाल भागातल्या रंगाच्या दुकानात तो म्हातारा मला एकदाच भेटला. रुमालात गुंडाळलेलं प्लास्टिकचं लढाऊ विमान त्यानं काउंटरवर ठेवलं. मुलीनं शाळेत असताना ते जोडलं होतं, चाकं आत मिटवून. पुढे ती खरंच वैमानिक झाली आणि गेल्या वर्षी उड्डाणावरून परतलीच नाही.

तिच्या विमानाचा राखाडी शोधत त्यानं चार छटा स्वतःच्या नखांवर लावून पाहिल्या. मग विमान उलटं केलं. त्याचं पोट कापून त्यानं खेळण्यातल्या मोटारीची तीन इवली चाकं बसवली होती.

"उडणारं विमान चाकांशिवायच शोभतं," मी उगाच शहाणपणा केला.

"तिनं बी मले हेच सांगतलं होतं गा," चाकावरची धूळ फुंकत तो म्हणाला, "पण मंग ते उतरन कसं?"