छताखालची अरुंधती

बाबांनी आयुष्यभर भिक्षुकी केली. लग्न लागलं की ते नवरा-नवरीला उत्तरेकडे तोंड करून उभं करायचे, बोट वर करायचे आणि विचारायचे, "दिसली अरुंधती?" वेळ भर दुपारची, वर गंगापूर रोडवरच्या कार्यालयाचं छत आणि गरगरणारा पंखा. जोडपं "दिसली" म्हणायचं आणि सगळे जेवायला पळायचे. माझ्या लग्नातही तेच. मी तर वर बघितलंही नव्हतं.

म्हणून काम सोडल्यावर बाबा म्हणाले, "एकदा ती खरंच बघायचीय," तेव्हा मला हसूच आलं. नाशिकच्या दिव्यांत ते शक्य नव्हतं. पुढे आमची इजिप्तच्या समुद्रकाठच्या रिसॉर्टची ट्रिप ठरली. तीत एक संध्याकाळ वाळवंटात, बेदूइन लोकांसोबत तारे बघायची होती. मी बाबांना बरोबर घेतलं. मोतीबिंदूचं ऑपरेशन ते दोन वर्षं टोलवत होते, हे मी सोयीस्करपणे विसरले.

तिथले बेदूइन यजमान बाबांच्याच वयाचे. त्यांनी आधी शेकोटीवरचा गोड चहा पाजला. अंधार पडल्यावर सप्तर्षींकडे हात करून ते मोडक्यातोडक्या इंग्रजीत म्हणाले, "शेपटीतल्या मधल्या ताऱ्याला चिकटून एक बारीक तारा आहे, सुहा. आमच्याकडे त्याच्यावर नजर पारखतात."

मी उडालेच. मधला तारा म्हणजे वसिष्ठ. मग ही तर आमची अरुंधती!

"बाबा, दिसली?"

"दिसली," ते झटकन म्हणाले. जन्माची सवय.

या वयात अशी नजर! यजमान खूश झाले आणि त्यांनी सहज विचारलं, "कुठल्या बाजूला?" मी ते मराठीत सांगितलं. बाबांनी डोळे बारीक केले. हा प्रश्न त्यांनी कधी कुठल्या जोडप्याला विचारला नव्हता.

"नाही गं दिसत," ते शेवटी म्हणाले. "सगळं धुरकट आहे."

मला फार वाईट वाटलं. स्वतःचा रागही आला. आधी ऑपरेशन करून घ्यायला नको होतं का?

"तुला दिसते?" बाबांनी विचारलं. "खरं सांग."

मी बघितलं. आधी काहीच नाही. मग वसिष्ठाच्या अगदी कडेला, साखरेच्या कणाएवढी.

"दिसते, बाबा."

त्यांनी नेहमीसारखं बोट वर केलं. ते भलतीकडेच होतं. मी त्यांचं मनगट धरून ते सरकवलं, थोडं वर, थोडं उजवीकडे.

"इथे?"

"हो. इथेच."

मी मनगट सोडलं, तरी बाबांनी हात खाली घेतला नाही.